धूर की वाफ

रबाळ्यातल्या आमच्या कंपनीत रात्रपाळी सकाळी सातला सुटते. २०१९ च्या डिसेंबरात अशाच एका सकाळी मी गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ उघडून बसलो होतो. अनुमानाचं प्रकरण चाललं होतं. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे. शेजारी आमचे बॉयलर अटेंडंट बसले होते, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी त्यांना समोरच्या प्लॉटवरच्या छपरावरून निघणारे पांढरे लोट दाखवले आणि उगाच विचारलं, “मामा, धूर निघतोय. म्हणजे खाली आग आहे ना?”

मामांनी बशीतला चहा संपवला. “धूर कुठाय? कूलिंग टॉवरची वाफ हाय ती. बघा की, वर गेली की हवेत जिरतीय. धूर असा जिरत नाही, लांबपर्यंत रेघ ठेवतो.”

मी हसून पुस्तक मिटलं आणि रबाळ्याहून गाडी पकडली. घणसोली, मग कोपरखैरणे, दोनच स्टेशनं. या प्रवासात एक परिच्छेदसुद्धा वाचून होत नाही. पण त्या दिवशी वाचायला काही उरलंच नव्हतं. पुढं दोन-अडीच वर्षांनी धर्मकीर्तीच्या ‘न्यायबिंदू’पर्यंत पोचलो तेव्हा कळलं, की मामांचा मुद्दा या बौद्ध पंडितानं सातव्या शतकातच नोंदवून ठेवलाय. दिसतंय ते धूर आहे की वाफ अशी शंका असेल तर त्यावरून आग सिद्ध होत नाही. असल्या पुराव्याला नावही आहे, संदिग्धासिद्ध. मामा दहावीच्या पुढं शिकलेले नाहीत.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची तयारी कशी केली, असं मला हल्ली दोघाचौघांनी विचारलंय. त्यात एक आमच्याच लॅबमधला पोरगा आहे. त्याला तोंडी सांगताना दर वेळी सुरुवात टपरीपासून होते, म्हणून लिहितानाही तीच केली.

मी रसायनशास्त्राचा बीएस्सी. वाशीच्या एका कॉलेजातून २०१२ मध्ये बाहेर पडलो आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषधी कच्च्या मालाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागलो. काम सरळ आहे. माल येतो, सॅम्पल काढायचं, टायट्रेशन करायचं, एचपीएलसी लावायचं, आकडे हद्दीत बसले की सर्टिफिकेटवर सही ठोकायची. सॅम्पल किती काढायचं याचा आमच्याकडे जुना नियम आहे, वर्गमूळ अधिक एक. शंभर ड्रम आले तर अकरा उघडायचे. सहा वर्षं मी अकरा उघडत होतो आणि शंभरांवर सही करत होतो.

एका रात्री, काही कारण नसताना, हात थांबला. उरलेल्या एकोणनव्वद ड्रमांबद्दल मी कशाच्या जोरावर लिहून देतोय? वरिष्ठांना विचारलं. ते चिडले नाहीत, म्हणाले, “एसओपीत आहे.” एसओपीत का आहे, हे मात्र एसओपीत नव्हतं. संख्याशास्त्राचं एक पुस्तक आणलं. त्यात संभाव्यता होती, चूक किती होऊ शकते याचा हिशोब होता, पण त्या हिशोबाच्या तळाशी एक गृहीत धरलेलं होतं, न पाहिलेलं हे पाहिलेल्यासारखंच असणार. ते गृहीत कुणी तपासलंय का, हे शोधत शोधत मी मराठी विश्वकोशातल्या नोंदींपर्यंत आलो आणि तिथून डेव्हिड ह्यूमपर्यंत. ह्यूमनं हा प्रश्न १७३९ साली, सत्ताविशीच्या आसपास, छापून टाकलाय. आणि उत्तर दिलंय ते असं, की या गृहीताला पुरावा नाही, आपल्याला नुसती सवय आहे. सव्वीस वर्षांचा मी लॅबच्या स्टुलावर बसून ते वाचत होतो. दोन दिवस सही करताना बोटं जड झाली, खोटं कशाला सांगू.

घरी आबांना सांगितलं. आबा साताऱ्याकडचे, जन्मभर कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. मुंबईतला घाऊक बाजार ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला खाडी ओलांडून वाशीला आला, तेव्हा त्यांची टोळीही त्याच्याबरोबर इकडं आली. कोपरखैरण्याचं घर सिडकोनं माथाड्यांसाठी बांधलेल्या वसाहतीतलं. मी तत्त्वज्ञान शिकणार म्हटल्यावर त्यांना आधी वाटलं मी माळ घालतोय. तसं नाही म्हणून समजावताना मी न्यायशास्त्रातला, ज्याच्याविषयी अनुमान करायचं त्या गोष्टीसाठीचा शब्द वापरला, “यात आधी पक्ष ठरवावा लागतो.”

“कुठला पक्ष?” आबा सावध झाले. युनियनमध्ये आयुष्य गेल्यामुळं त्यांना पक्ष या शब्दाची चांगलीच ओळख आहे.

मग मी ड्रमांची गोष्ट सांगितली. ती त्यांना लगेच कळली. म्हणाले, “आरं, ह्यात काय नवं? गोणीच्या तोंडाला लाल टपोरा कांदा आन् बुडाला गोलटी. वरचं बघून दर केला की बुडालाच.”

“मग तुमचा व्यापारी गोणी घ्यायचा कशी?”

“वतून बघायची. वतायला येळ नसंल तर कुठल्या गावची गाडी हाय ते बघायचं, शेतकरी कोण हाय ते बघायचं. समदंच वतत बसलास तर धंदा कवा करशील?”

चार्वाक म्हणतो, धूर आणि आग यांचं कायमचं नातं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे. त्याला नैयायिक उदयनाचार्यानं दिलेलं उत्तर मला खूप पुढं भेटलं. शंका घ्यायलाही मर्यादा आहे, तो म्हणतो. तुझी शंका तुझ्याच वागण्याशी भांडायला लागली की ती तिथं संपली. धूर हवा असला की तूसुद्धा आगच पेटवतोस ना? आबांचं ‘समदंच वतत बसलास तर’ याच्या फार जवळचं आहे. अगदी तेच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. उदयन वागणं पुढं करून शंका अडवतो, आबा वेळ पुढं करून अडवतात. हा फरक लहान नाही आणि त्यावर मी अजून कागद खराब करतोय.

तयारीची पहिली दोन वर्षं मी जवळजवळ वाया घालवली. शिकायचं म्हणजे वाचायचं अशी समजूत. साप्ताहिक सुट्टीला दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचो, जुन्या पुस्तकांच्या ढिगात हात घालायचो. श्रीनिवास दीक्षितांचं ‘भारतीय तत्त्वज्ञान’, ग. ना. जोशींचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास, मे. पुं. रेग्यांचा ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’. देवीदास वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश तर मी कादंबरीसारखा वाचायला घेतला होता, आणि कोश जसे वाचून होतात तसाच तोही झाला. चार दोनशेपानी वह्या नोंदींनी भरल्या. प्लेटो काय म्हणाला, शंकराचार्य काय म्हणाले, कांट काय म्हणाला. लग्नाच्या अहेराची यादी असते तशा वह्या. कुणी काय दिलं ते सगळं नीट लिहिलेलं, घरात काय कामाला येणार त्याचा पत्ता नाही.

रेग्यांबद्दल मात्र एक वाक्य अधिक लिहायला हवं. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, दादरच्या कीर्ती कॉलेजचे प्राचार्य, ‘नवभारत’चे संपादक. त्यांचं मराठी वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की या भाषेत कठीण गोष्ट अवघड न करता सांगता येते. इंग्रजीत जिथं अडायचो तिथं रेग्यांकडं जायचो आणि परत येताना इंग्रजी कळलेलं असायचं.

वह्या घेऊन एका शनिवारी कलिन्याला गेलो. कुर्ल्याला उतरून बस, मग विद्यानगरीतलं ज्ञानेश्वर भवन. मुंबई विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग तिथं आहे. ओळख कुणाचीच नव्हती. तिथं भेटलेल्या एका बाईंनी, त्या शिकवणाऱ्या होत्या, वही चाळली आणि विचारलं, “यात तुम्ही कुठे आहात?” मी म्हटलं, मी अजून शिकतोय. त्या म्हणाल्या, मग सहा महिने नवं पुस्तक आणू नका. देकार्तचं पहिलं ‘मेडिटेशन’ घ्या, पाचसहा पानांचं आहे. तो काय सिद्ध करायला बघतोय ते पाच वाक्यांत लिहा. मग त्याच्यावर एकच आक्षेप लिहा. मग देकार्त जिवंत असता तर त्यानं काय उत्तर दिलं असतं, तेही लिहा.

सोपं वाटलं. पहिल्या खेपेला मी तीन पानं लिहून नेली. ती त्यांनी न वाचता परत दिली, पाच वाक्यं म्हणजे पाच. दुसऱ्या खेपेला पाच वाक्यं होती, पण आक्षेप असा होता की देकार्तनं जे म्हटलंच नव्हतं ते मी खोडून काढलं होतं. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, “पूर्वपक्ष असा मांडायचा की पूर्वपक्षवाल्यानं म्हणावं, मलाही इतकं नीट जमलं नसतं.” आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांची ही जुनी शिस्त, आधी विरोधकाचं म्हणणं पूर्ण ताकदीनिशी, मग आपलं. मला ती जमायला आठ महिने लागले. त्यातले बरेचसे महिने लॉकडाऊनचे. आमचा कारखाना अत्यावश्यक सेवेत, त्यामुळं पाळ्या चालू होत्या, कंपनीची बस मोकळ्या रस्त्यावरून वीस मिनिटांत पोचायची. लिहिलेलं पान मी फोनवरून बाईंना पाठवायचो, त्या लाल शाई करून परत पाठवायच्या. त्या आठ महिन्यांत नवं काहीच वाचलं नाही, आणि त्या सगळ्या काळातला तोच एक अभ्यास पुढं उपयोगाला आला.

लॅबमधल्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणतो, मग पुस्तकांची यादी द्या ना. असो.

रोज कलिन्याला जाऊन एमए करणं पाळीच्या माणसाला शक्य नव्हतं. २०२१ च्या जानेवारी सत्राला मी इग्नूचा तत्त्वज्ञानाचा एमए घेतला. हातानं लिहायच्या स्वाध्यायांचे गठ्ठे, जून-डिसेंबरच्या परीक्षा, सगळं पाळ्यांच्या फटींत बसवलं. त्याचं फार वर्णन करण्यासारखं नाही. तर्कशास्त्रात चांगले गुण मिळाले, नीतिशास्त्रात जेमतेम.

भाषेचं मात्र सांगण्यासारखं आहे. मराठीत आपण इंडक्शनला विगमन म्हणतो आणि डिडक्शनला निगमन. हिंदीत इंडक्शनचं आगमन होतं. आणि न्यायशास्त्रात निगमन म्हणजे पाच अवयवी वाक्यांतलं शेवटचं, म्हणजे निष्कर्ष. हेतू म्हणजे रोजच्या मराठीत मनातला इरादा, न्यायात तो पुरावा म्हणून पुढं केलेली खूण. परीक्षेत प्रश्न इंग्रजीत आणि हिंदीत, डोक्यात मराठी, मूळ ग्रंथ संस्कृतात. सुरुवातीला मी याला अडचण समजायचो. आता वाटतं, एकच शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी भेटला की माणूस शब्दावर विसंबणं सोडतो आणि नक्की काय म्हणायचंय ते विचारायला लागतो. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचं विचारांतल्या स्वराज्यावरचं एक व्याख्यान आहे, परक्या कल्पना आपण न पचवता वागवतो ही त्यातली तक्रार. हे भट्टाचार्य १९३० च्या दशकात आपल्या खानदेशात होते, अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचे संचालक म्हणून. ती संस्था १९१६ साली प्रताप शेठजींच्या देणगीतून उभी राहिली. शेठजी गिरणीमालक, सूत विकून आलेल्या पैशातून त्यांनी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांची राहण्या-जेवणाची सोय केली. रबाळ्यातल्या एखाद्या मालकाला हे सुचेल का, असा विचार मी एकदा कँटीनमध्ये बोलून दाखवला होता. टेबलावरचे सगळे इतके हसले की मीही हसलो.

आता नोकरीचं. तत्त्वज्ञानात ‘करिअर’ म्हणजे बहुतेक वेळा प्राध्यापकी, आणि प्राध्यापकीला नेट किंवा सेट लागते. एप्रिल २०२४ ची सेट मी पास झालो. १८ जूनला नेटही दिली. संशोधनवृत्तीची वयोमर्यादा तिशीची, ती मी ओलांडलेली, म्हणजे फायदा फारसा नव्हता, पण तयारी झालीच होती. १९ जूनला ती परीक्षा देशभर रद्द झाली. सचोटीबद्दल शंका असल्याचं कारण दिलं गेलं. ऑगस्ट-सप्टेंबरात ती पुन्हा झाली, मी बसलो नाही. रजा शिल्लक नव्हती.

मग तासिका तत्त्वावर एक काम मिळालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. सकाळी साडेसातचा तास, पहिल्या वर्षाची नऊ मुलं, नीतिशास्त्र, म्हणजे मला जेमतेम गुण मिळालेला विषय. दुपारी तीनची पाळी. त्या सत्रात शिकवण्याचा आनंद काय असतो ते कळलं. एका मुलीनं विचारलं, “सर, खोटं बोलणं वाईट आहे हे सगळ्यांना माहीतच आहे, मग कांटनं पुस्तक कशाला लिहिलं?” त्या एका प्रश्नावर आम्ही दोन तास काढले. मानधन मात्र सत्र संपल्यावर, तेही दोन खेपांत आलं. महिन्यांत वाटून बघितलं तर माझ्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या आत बसलं. पुढच्या वर्षी तो तासच नव्हता.

का नव्हता, हे समजून घ्यायला मला आबांची युनियन जास्त उपयोगी पडली. कॉलेजात पद टिकतं ते वर्कलोडवर. वर्कलोड येतो विषय घेणाऱ्या मुलांवरून. जुने सर निवृत्त होतात, जागा भरली जात नाही, मग विषय नावापुरता उरतो, मुलं दुसरीकडं वळतात. मुलं नाहीत म्हणून वर्कलोड नाही, वर्कलोड नाही म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून मुलं नाहीत. न्यायशास्त्रात याला चक्रक म्हणतात आणि तो दोष मानतात. आपल्याकडं ती व्यवस्था आहे.

दर जूनमध्ये आमच्या सेटवाल्यांच्या ग्रुपवर भरतीची बातमी येते. अमुक इतकी पदं, फाइल तमुक टेबलावर. नव्या शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञानप्रणालीचा विषय आला, तेव्हाही खूप लोट उठले, आता तत्त्वज्ञानवाल्यांना दिवस येणार म्हणून. येतीलही. मी मामांसारखं बघतो, वर जाऊन जिरतंय की रेघ राहतेय. आजवर बहुतेक जिरलेलंच पाहिलंय. त्यामुळं नोकरी सोडलेली नाही, आणि लॅबमधल्या पोरालाही सोडू नकोस असंच सांगतो. कुणी भिंगं घासणाऱ्या स्पिनोझाचं उदाहरण देतं. स्पिनोझाला गृहकर्जाचा हप्ता नव्हता. मला ह्यूम जवळचा वाटतो. त्याला एडिंबरोत आणि ग्लासगोत, दोन्हीकडं प्राध्यापकाची जागा नाकारली गेली. पुढं तो ग्रंथपाल झाला, लिहीत मात्र राहिला.

पण अभ्यास थांबवण्यालाही मला सबळ हेतू सापडलेला नाही. अर्धवेळ पीएच.डी.ला आता वाव आहे, मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते मागायला गेलो तेव्हा एचआरच्या मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. “फिलॉसॉफी? पण तुम्ही तर क्यूसीत आहात.” मी विषय सांगितला, नमुन्यावरून न पाहिलेल्या मालाबद्दल अनुमान करण्याचा आधार, न्यायदर्शन आणि ह्यूम. त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “हे ऑडिटरला नका सांगू हं.” प्रमाणपत्र चार दिवसांत मिळालं.

आराखडा बाईंकडं पाठवलाय. पहिलं पान लाल होऊन परत आलंय, पूर्वपक्ष कच्चा आहे म्हणून. आबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, गोलटीचं लिवलंस का? लिहिलंय, तळटीपेत.

उद्या पहिली पाळी. एकशे चव्वेचाळीस ड्रम आलेत, तेरा उघडायचेत.